आजची कात

त्या राज्यात साप पुष्कळ होते आणि बिळंही पुष्कळ होती. पण बिळात राहायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना काळ्या कातळावर दिसायचं होतं. कातळावर रोज पहाटे नवी खूण उमटे. ती कोण उमटवतं, असं विचारणारा अडाणी ठरे. खूण पट्ट्यांची असली की जुनी कात टाकून पट्ट्यांची अंगावर आणायची, ठिपक्यांची असली की ठिपक्यांची. टाकलेल्या काती शेजारच्या बाभळीवर लटकत. वारा आला की त्या सळसळत आणि ज्याच्या त्याच्या आवाजात बोलत. ज्याची सळसळ मोठी, तो मोठा. ज्याच्या अंगावर कालची कात, त्याच्यावरून बाकीचे खुशाल सरपटत जात, जणू वाटेत दोर पडलाय.

म्हाताऱ्या धामणीला या मानाची हौस नव्हती. तिची तीन पोरं कातळावर गेली ती परतली नव्हती. ती एकदा दिसावीत, एवढंच तिचं मागणं. पण पोरांनी ओळखायचं तर अंगावर आजचीच कात हवी, हे तिला नानेटीनं सांगितलं होतं. ही नानेटी करंगळीएवढी जाड, पण तोरा अजगराचा.

"आत्या, पट्टे कालचे गं! आज ठिपके."

धामण पुन्हा बिळात. ठिपके जमेपर्यंत नक्षी आली. नक्षी जमली तर "अख्खी कात बघायला वेळ कुणाला, वीतभरच टाका" असं निघालं. वीतभर टाकायला शिकली, तर शेपटीकडून सोलायची टूम आली. बिचारी सोलता सोलता स्वतःचीच गाठ मारून बसली आणि शेजारचं मांडूळ हसून गडाबडा लोळलं. त्याचं बरं होतं. तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, ते त्याचं त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

कात सुटायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर दुधासारखी साय चढते आणि कात सुटेपर्यंत त्याला दिसत नाही. पूर्वी हे वर्षाकाठी दोन-चारदा होई. आता सगळं राज्य बारमाही आंधळं होतं.

"अगं, पण मुंगसाचं काय?" धामणीनं एकदा विचारलं.

"कोण मुंगूस?" नानेटी फिसकन हसली. "इतक्यात कुणी पाहिलंय का?"

कुणीच पाहिलं नव्हतं, हे अगदी खरं होतं. पुढे पुढे नानेटीही दिसेनाशी झाली. तिचा आवाज मात्र बाभळीकडून रोज येई.

एके दिवशी धामणीचं नशीब उघडलं. मांडुळानं कातळावर अंग घासून बातमी आणली, "आत्या, आज चार रेघा. चांगल्या खोल आहेत." आणि धामणीच्या नव्या कातीवर नेमक्या चार रेघा उठल्या होत्या. ती चाचपडत कातळावर गेली, जुनी कात सोडू लागली. चहूकडून सळसळ उठली.

"पोरांनो, आलात का रे?"

"आलो, आई," सळसळ म्हणाली. तीन आवाज. थोरल्याचा जरा फाटका.

साय निघाली. धामणीनं वर पाहिलं. बाभूळ पांढरीफटक होती. काट्याकाट्याला काती, वाऱ्यानं तोंडं उघडत, मिटत. खालच्या फांदीवर तीन शेजारी शेजारी. थोरल्याच्या शेपटीला लहानपणी काट्यानं पडलेली चीर तशीच होती; तिच्यातूनच वारा फाटून येत होता. वरच्या फांदीवर नानेटी, अजून तोऱ्यात. जिवंत साप एकही नव्हता. कातळावरच्या चार रेघा ताज्या होत्या. एकीच्या टोकाला तुटकं नख रुतलं होतं.

कडेनं मांडूळ चढत होतं, डोळ्यांवर साय. "आत्या, केवढी सळसळ गं तुझी! आता पुढे काय निघालंय?"

"मागे फिर!" धामण जिवाच्या आकांतानं ओरडली. "सगळ्यांना सांग, मागे फिरा!"

कातळाआडून काहीतरी मऊ पावलांनी वर आलं.

मांडूळ जरा विचारात पडलं. मग खूश झालं. ही टूम त्याच्यासाठीच निघाली होती. बातमी द्यायला ते लगबगीनं खाली उतरलं.

दुसऱ्या दिवशी बाभळीवर एक लांब, चार रेघांची कात सळसळत होती: मागे फिरा, मागे फिरा. आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून साप निघाले होते, शेपट्या पुढे करून, कातळाकडे.