आत्ताच्या आत्ता केशलोच

"पण मला संघात घ्यायला तुमची हरकत काय आहे, माताजी?"

श्रुतिकाने परत तेच विचारलं. मी तिची रूममेट, पुण्याहून सोबत आलेली. मनात म्हटलं, बाई गं, गप बस ना आता!

सांगलीजवळच्या एका गावातलं जैन मंदिर. ओसरीवर साध्वीसंघाच्या प्रमुख सुमेधमती माताजी बसलेल्या. पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी. डोक्यावर बोटभर केस. ते वाढले की स्वतःच्या हाताने उपटतात, केशलोच म्हणतात त्याला. कात्री नाही, वस्तरा नाही. बोटांना राख लावायची आणि उपटायचे... बाप रे!

"घर का सोडायचंय?" माताजींनी विचारलं.

"मी शरीराचा मोहच सोडलाय."

"असं?"

"हो ना! थायरॉईडच्या गोळ्यासुद्धा बंद केल्यात. वजन वाढतंय, वाढू दे. केस गळतायत, गळू दे. आई म्हणते, हवा खाऊन फुगतेस. म्हणू दे!"

"गोळ्या मोहापायी घ्यायचीस?"

श्रुतिका गडबडली. "म्हणजे... डॉक्टरांनी दिलेल्या."

"मग? शरीरात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वजन वाढतं, केस जातात, माणूस थकून जातं. आजार अंगावर काढायचा आणि त्याला त्याग म्हणायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

श्रुतिकाने एकदम डोक्यावरचा स्कार्फ ओढून काढला. मी तिच्यासोबत राहते, तरी किती दिवसांनी बघितलं तिचं डोकं. भांग नुसता रुंद झालेला, आतली कातडी दिसत होती.

"करा माझा केशलोच. आत्ताच्या आत्ता! मी रडणारसुद्धा नाही."

माताजी नुसत्या बघत राहिल्या. श्रुतिकाही त्यांच्याकडे बघत होती. पण डोळ्यांकडे नाही... जरा वर.

"काय बघतेस?"

"काही नाही." मग अगदी हळू, "किती दाट आहेत हो तुमचे..."

गेलं! सगळं वैराग्य एका वाक्यात गेलं. मला हसू येणार होतं, पण आलं नाही.

माताजी पुढे सरकल्या. त्यांनी तिच्यापुढे मान खाली घातली. एवढ्या मोठ्या माताजी, आणि हिच्यापुढे!

"हात लाव."

श्रुतिकाने भीतभीत हात ठेवला. तो तिथून निघेचना.

"हे परत उपटणार तुम्ही?"

"हो. दिवस जवळ आलेत."

"नका ना, माताजी..."

आणि मग ती जी रडली! स्कार्फ तोंडात कोंबून रडली.

"मला माझे हवेत हो. मला पहिल्यासारखी मी हवी आहे."

"माहितेय, बाळ."

"गोळ्या घेतल्या की येतील?"

"ते डॉक्टरला विचार. उद्याच जा."

"आणि संघ?"

"बरी हो. मग बोलू."

श्रुतिकाने डोळे पुसले. हात मात्र अजून माताजींच्या डोक्यावरच.

"तुम्हाला... तुम्हाला तर आता काहीच वाटत नसेल ना?"

माताजींनी नजर अंगणाकडे वळवली.

"पहाटे जाग आली, की हात अजून पाठीमागे जातो... वेणी पुढे घ्यायला."