वेशीत पुकारलेली तेवीस नावे

संक्रांतीच्या दुपारी आलात हे बरे झाले. ही आमची तांबोऱ्याची वेस. डाव्या हाताला भैरोबाचे देऊळ, उजव्या हाताला पिराचा दर्गा. दिवस कलला की दोन्हीकडची माणसे इथे मधोमध जमतील आणि पाटलांची सून मोठ्याने तेवीस नावे घेईल. त्याची हकीकत अशी सांगतात.

पानिपताला या गावचे तेवीस जण गेले होते. देवळाकडचे एकोणीस, दर्ग्याकडचे चार. माघ लागल्यावर बातमी आली ती एवढीच की फौज बुडाली. कोण पडले, कोण वाचले, सांगायला कोणी नव्हते. मुलुखभर घराघरांत तोच आकांत.

गाव भैरोबापुढे जमले. भटजी म्हणाले, प्रेत नसले तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावे, बायकांनी बांगड्या फोडाव्यात. येसाजी पाटलांचा एकुलता एक मुलगा म्हलोजी गेला होता. शोक आवरून गाव कामाला लागावे, तर पाटलाने आधी पुढे झाले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी पुतळा जाळला. सून चिमाई सतरा वर्षांची. तिने मुकाट्याने हात पुढे केले.

मग गोजरा माळणीची पाळी आली. तिने हात पदराखाली घेतले. म्हणाली, "माझ्या मालकाला पडलेलं कुणी पाहिलं? पाहिलं असेल त्यानं समोर येऊन सांगावं."

दर्ग्याचे मुजावर लाडलेसाब तिथेच होते. त्यांचे दोन मुलगे गेले होते. ते म्हणाले, "बाई खरं बोलते. मीही पोरांसाठी नमाजाला उभा राहिलो, पण जीभ उचलेना. मेले म्हणू, का हरवले म्हणू?"

सटवोजी गुरव म्हणाला, "हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहायची, असं जुनी माणसं सांगतात. पाहू."

तेव्हापासून रोज दिवस कलताना गुरव आणि मुजावर वेशीत उभे राहत आणि उत्तरेकडे तोंड करून नावे पुकारत. बावीसच. पाटलांच्या मुलाचे क्रियाकर्म झाले होते, त्याचे नाव घेणे अशुभ.

सातव्या वर्षी, म्हणे, एक लंगडा, दाढी वाढलेला माणूस वेशीबाहेर येऊन थांबला. नावे संपेपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने विचारले, "म्हलोजीचं नाव राहिलं का?"

"त्याचं घेत नाहीत," गुरव म्हणाला. "तो गेला."

"मी म्हलोजी. कैदेत होतो."

पाटील धावत आले. मुलाला पोटाशी धरले, आणि मग पागोटे काढून सुनेच्या पायांशी ठेवले. चिमाई मागे सरकली. "मामंजी, ते उचला," ती म्हणाली. "उद्यापासून हाक मी मारीन." कासाराने तिथेच, वेशीत, तिला बांगड्या भरल्या.

पुढच्या पाच वर्षांत आणखी कोणी आले नाही. लाडलेसाब वाट पाहतच वारले. बारा वर्षे भरली तेव्हा देवळाकडे क्रियाकर्म झाले, दर्ग्यात फातेहा झाला, आणि गोजराने आपल्या हातांनी बांगड्या उतरवल्या. रोजची हाक थांबली. पण पुढची संक्रांत आली, पानिपताचा दिवस, तेव्हा चिमाई वेशीत गेलीच, आणि तिच्यामागे सारे गाव गेले.

आजही हाकेचा मान पाटलांच्या सुनेचा. बावीस नावांपैकी प्रत्येकानंतर ती थांबते, आणि कोणी बोलत नाही. तेविसावे नाव म्हलोजी येसाजी. ते घेतले की देवळाकडची आणि दर्ग्याकडची माणसे एकदम म्हणतात, "आला!"