पट्टा गप्प का झाला

एकदा एक पट्टा तयार झाला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या हर्षदाने आणि तिच्या दोन सोबत्यांनी वर्षभर खपून तो घडवला होता. तो पाठीवर बांधायचा. माणूस वाकला की आतला सेन्सर ते ओळखायचा आणि पट्टा वाजून सावध करायचा.

एका बेदाणा व्यापाऱ्याला तो पसंत पडला. त्याच्याकडे बायका दिवसभर टेबलाशी उभ्या राहून बेदाणे निवडत. दुपारनंतर पाठी धरत, हात मंदावत. साऱ्यांसाठी पट्टे घ्यायला तो तयार होता, पण त्याची एक अट होती. कोणाचा पट्टा किती वाजला, ते नावानिशी त्याच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. जिचा जास्त वाजेल, तिला तो घरी बसवणार होता. हर्षदाला हे खटकलं. पण पहिलीच मोठी ऑर्डर होती. आपण फक्त मोजतो, निर्णय त्यांचा, अशी तिने मनाची समजूत घातली आणि नावांची सोय करून दिली.

प्रात्यक्षिकाला तिने दोघा सोबत्यांबरोबर आपल्या वृद्ध सरांनाही नेलं. पट्टा शेवंतामावशींच्या पाठीवर बांधला. त्यांनी बेदाण्यात हात घातला आणि पट्टा जो वाजू लागला, तो थांबेचना.

व्यापारी हसला. "मावशी, यंत्रसुद्धा कंटाळलं की तुम्हाला."

"मग त्यालाच निवडू द्या बेदाणे," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

सर अंगणात गेले. तिथे विटांचा ढीग होता. त्यांनी विटा आणल्या, दोन बायकांना टेबल उचलायला लावलं आणि चारही पायांखाली त्या रचल्या. व्यापारी वैतागला, आपण पट्टा बघायला आलोय, गवंडीकाम नव्हे, असं त्याने सुनावलं.

मावशी पुन्हा निवडू लागल्या. पट्टा गप्प.

हर्षदा पुढे धावली. नेमका आत्ताच बिघडला? तिने तो सोडवून स्वतःच्या पाठीवर बांधला, वाकून पाहिलं. पट्टा लगेच वाजला. यंत्र ठणठणीत होतं.

सरांनी टेबलाच्या कडेवरची धूळ हाताने पुसली. खाली फिकट रंगात अक्षरं होती : इयत्ता दुसरी.

"शेठ, बंद पडलेल्या शाळेची टेबलं तुम्ही स्वस्तात उचललीत," ते म्हणाले. "सात वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या टेबलावर मोठी बाई दिवसभर राबते आणि वर वाकल्याचा ठपका तिच्यावरच? हर्षदा, पाठ किती वाकली हे तू अचूक मोजलंस. ती कशाने वाकली, हे विचारलं नाहीस. हा प्रश्न न विचारणारं यंत्र मालकाच्या हातातली छडी होतं. करणाऱ्याचा हेतू चांगला होता, म्हणून तिचा मार कमी लागत नाही."

हर्षदाने मान खाली घातली नाही. तिथेच लॅपटॉप उघडून तिने नावांचा रकाना पुसला आणि त्या जागी टेबलाचा क्रमांक टाकला.

"आता कोणतं टेबल पाठ मोडतंय, ते दिसेल," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "नावं मिळणार नाहीत. असा हवा असेल तर घ्या."

"बघू," म्हणत तो कचेरीत निघून गेला. त्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळला. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, असं समजून दोघे सोबती वायरी गुंडाळू लागले.

शेवंतामावशी मात्र विटांवरच्या टेबलाशी ताठ उभ्या होत्या. शेजारच्या टेबलाशी वाकलेल्या बाईकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "पोरी, हिचीपण पाठ गेलीय बघ."

हर्षदाने लॅपटॉप मिटला, बाह्या सारल्या आणि ती विटा आणायला अंगणात गेली. सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिलं, वायरी खाली ठेवल्या आणि तेही तिच्या मागोमाग निघाले.

कुणाची पाठ वाकलेली दिसली, तर आधी तिच्यापुढचं टेबल मोजावं.