ठकूबाईचा घोट

सीना नदीच्या काठी बोरखेड नावाचे लहानसे गाव होते. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती मंडळींची वस्ती, आणि वस्तीत मातीच्या भिंतींचे, कौलारू प्रभुमंदिर. एका उन्हाळ्यात शमुवेलबाबा हे फिरते पाळक तिथे मुक्कामाला आले. खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या आणि मुखी अखंड येशूनाम! बाबा आले की रडणारी पोरेसुद्धा गप्प होत.

वस्तीच्याही पलीकडे, चुन्याच्या पडक्या भट्टीशी ठकूबाई राही. तिला महारोग होता. बोटे झडलेली, पायांना सदा चिंध्या बांधलेल्या. कोणी भाकरी दिलीच तर ती करवंटी पुढे धरी आणि वरून टाकलेला तुकडा झेली. रविवारी मंदिराच्या मागच्या खिडकीखाली बसून तिने सगळी भजने तोंडपाठ केली होती. बाबांनी आल्या आल्याच तिला नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात बाप्तिस्मा दिला. आता तिला एकच आस होती. डोळे मिटण्याआधी एकदा प्रभूच्या पंगतीला बसायचे.

तो रविवार उजाडला. येशूच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळी भाकरी आणि रस घेत; त्या प्रभुभोजनासाठी मनुका भिजवून रस काढलेला. दुष्काळाचे साल, मनुका मूठभरच मिळाल्या होत्या. रस एका प्याल्यापुरता झाला. मंडळी एका ओळीत मांडी घालून बसली आणि ठकूबाई भिंतीला धरून दारात आली. आत पाऊल टाकावे की नाही, तिला कळेना.

"ही कुठं आत?" शिमोनराव पंच म्हणाले. मंडळींत त्यांचा शब्द मोठा. पहिली जागा त्यांचीच. "बाबा, प्याला एकच हाय. हिच्या तोंडाचा प्याला आमी तोंडाला लावायचा? हिचं उष्टं?"

पंचांचा मेहुणा हसून म्हणाला, "मग काय, पुढच्या रविवारी आपुन समदे चुन्याच्या भट्टीवर ऱ्हायला जाऊ."

ओळ हसली. ठकूबाईने पदराआडून करवंटी काढली. "नका वाद घालू, बाबा. मला हिच्यात घाला वरनं. मला सवय हाय."

"ती ठेव बाजूला," बाबा म्हणाले. "प्रभूंनी त्या रात्री सगळ्यांना एकच प्याला दिला होता."

"मंग बसू द्या शेवटाला," पंच म्हणाले. "आमचं समद्यांचं झाल्यावर."

एकदम बाबांचा चेहरा उजळला. "शेवटाला? बरं तर. शिमोनराव, तुमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?"

"कोण म्हंजे? घरची बाई."

"मग झालं. आज प्रभूच्या घरची बाई ही. बस, ठकूमाय."

पंचांचे मन पेटले. प्रार्थना झाली, भाकरीचे तुकडे वाटले गेले, प्याला त्यांच्या हाती आला. रीत होती ओठ भिजवण्याची. पंचांनी मोठा घोट घेतला, शेजाऱ्याला कोपराने ढोसले आणि पुटपुटले, "घे चांगला. काय उरवू नगंस." ते पुटपुटणे ओळभर गेले. ठकूबाईला दिसत होते. प्रत्येक हाताबरोबर प्याला जास्त जास्त वाकडा होत होता. शेवटी पंचांच्या मेहुण्याने तो उपडा करून झटकला. थेंब पडला नाही.

"सपलं की," तो म्हणाला. "आता घरच्या बाईला काय वाढायचं?"

ठकूबाईचे डोळे भरून आले. तरी ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाबा. मला नुसता वास दिला तरी भागंल."

बाबांनी रिकामा प्याला घेतला, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि वर पाहिले. "प्रभू, तुझ्या घरची बाई उपाशी आहे," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी प्याला तिच्या दोन्ही तळव्यांमध्ये ठेवला.

प्याला जड होता! दचकून ठकूबाईने तो घट्ट दाबून धरला आणि ओठांना लावला. गोड, गार रस जिभेवर आला. तिने गिळला. पुन्हा आला. हनुवटीवरून ओघळला, पदरावर तांबडे डाग पडू लागले.

"सांडतंय!" ओळीतली राहेलआजी उठून उभी राहिली. "अगं बया, काठोकाठ भरलाय! बघा की गं!"

ओळ मोडली. जो तो पुढे धावला. कोणी भजन सुरू केले. ठकूबाई प्याली, थांबली, पुन्हा प्याली. रस तसूभरही खाली गेला नाही. तिची बोटे काही परत आली नाहीत. पण एरवी दहा हात लांब राहणाऱ्या बाया तिला खेटून उभ्या होत्या, आणि ते कुणाच्या ध्यानातही नव्हते. तिच्या मात्र आले.

शिमोनराव पंच जागचे हलले नव्हते. प्याला उपडा झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. ते उठले आणि ठकूबाईच्या खालच्या अंगाला, शेवटच्याही शेवटी बसले.

"पंच, तुम्ही तर घेतलंत," बाबा म्हणाले.

"मी प्रभूचा म्हणून कुठं घेतला, बाबा? हिला मिळू नये म्हणून ढोसला. माझ्या पोटात गेला तो रस नव्हं, पाप गेलं." त्यांनी ठकूबाईचे पाय धरून त्यांवर डोके ठेवले.

ती झटकन पाय आखडू लागली. "पाय नका धरू, पंच. चिंध्या ओल्या हायत्या."

पंचांनी पाय सोडले नाहीत. "ठकूमाय, तुजं उष्टं दे मला."

ती घाबरून बाबांकडे पाहू लागली. बाबा हसले. "माझ्याकडे काय बघतेस? घरची बाई तू. वाढणं तुझ्या हाती."

ठकूबाईने दोन तळव्यांत प्याला उचलला आणि पंचांच्या ओठांशी नेला. ते रडत होते, घाईघाईने पिऊ लागले.

"हळू प्या, पंच," ती म्हणाली. "पुष्कळ हाय."