लाल बटण

"...मग या तिन्हीतला कुठला घेऊ, उस्ताद?"

दिगंबर शेटेने वही उघडून टेबलावर सरकवली. पानावर लाल-निळ्या शाईने तीन रकाने आखले होते.

मकबूल उस्ताद एका जुन्या रेडिओच्या पोटात तार जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेच्या बाजारात उस्तादांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता रेडिओ कोण आणतंय म्हणा! पण छताला टांगलेली थर्माकोलची विमानं बघायला माणसं येत, आणि त्यातली काही शिष्य होऊन बसत. दर रविवारी गावाबाहेरच्या माळावर ही मंडळी रिमोटवरची विमानं उडवायची. उस्ताद 'उडव' म्हणाल्याशिवाय रिमोटच्या दांडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

दिगंबर त्यातलाच एक. धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा. हात असा स्थिर, की डॉक्टर लोक नाव काढायचे. त्याचा त्याला गर्वही होता, खोटं कशाला बोला.

"हा पहिला सिम्युलेटर फुकटातला," कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळांच्या त्या रकान्यांवर बोट फिरवत दिगंबर म्हणाला. "सध्या घरी हाच आहे. व्हिडिओ गेमच्या हँडलवर चालतो. दुसऱ्याला आपला खरा रिमोट वायरीने जोडता येतो, बाराशेला पडतो. आणि तिसरा... अहो, त्यात वारासुद्धा आहे! साठ विमानं आहेत. आपल्या माळाचा फोटो टाकला तर आपल्याच माळावर उडवतोय असं वाटतं. पण तो आठ हजार, आणि माझ्यापाशी दोन."

"मग दुसरा घे."

"त्यातलं विमान जरा खोटं उडतं म्हणतात."

"मग तिसरा."

"पैसे कुठायत?"

"मग पहिला."

"तो तर आहेच की, उस्ताद!"

उस्तादांनी हातातली गरम सळई स्टँडवर ठेवली. "दिगंबर, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. भ्यालायस ना?"

दिगंबरने वहीचा कोपरा दुमडला.

भ्याला होता. चांगलाच भ्याला होता. तीन आठवड्यांपूर्वी माळावर त्याचं विमान वळून त्याच्याकडेच तोंड करून आलं. विमान समोरून आलं की डाव्याचं उजवं होतं आणि उजव्याचं डावं. नवशिका तिथंच फसतो. दिगंबरने दांडी उलटी ओढली आणि विमान कलंडून खाली सुटलं. खाली गावातली चंद्राक्का शेळ्या राखत बसली होती. विमान तिच्या पाठीमागे दोन हातांवर आपटलं, आणि फिरता पंखा तिच्या भाकरीच्या टोपलीत घुसला.

चंद्राक्का काही बोलली नाही. तिने टोपली उचलली, भाकरीतला थर्माकोल झटकला आणि शेळ्या हाकत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिगंबरला अजून वाटायचं.

गावकऱ्यांनी मात्र बजावलं होतं. पुन्हा असं झालं तर माळ बंद. आणि उस्तादांनी दिगंबरला सांगितलं होतं, या रविवारी माझ्यासमोर उडव, नाही तर रिमोट दुकानात आणून ठेव.

रविवार तीन दिवसांवर होता.

"झोप लागत नाही," दिगंबर शेवटी बोलला. "डोळे मिटले की तिची पाठच दिसते. आता कामातही हात कापतो. परवा एका गुरुजींच्या कवळीत पुढचा दात तिरपा बसला. माझ्या हातून, उस्ताद! म्हणून म्हटलं, चांगला सिम्युलेटर घ्यावा. अगदी खऱ्यासारखा. म्हणजे माळावर पुन्हा चूकच होणार नाही."

"आहे तो आणलायस?"

लॅपटॉप पिशवीत होताच. दिगंबरने तो टेबलावर मांडला, गेमचं हँडल जोडलं. पडद्यावर हिरवं मैदान आलं, त्यावर पिवळं विमान.

"उडव."

दिगंबरने उडवलं. उचललं, वळवलं, कोलांटी मारली, उलटं नेलं आणि पुन्हा सुलटं केलं. हात जराही हलला नाही. त्याची छाती इंचभर फुगली.

"वा!" उस्ताद म्हणाले. "आता आपल्याकडे तोंड करून येऊ दे."

विमान वळलं, समोरून यायला लागलं. विमान डावीकडे झुकलं, दिगंबरने दांडी उलटी ओढली, विमान आणखी झुकलं, जमीन जवळ आली...

टिक.

पिवळं विमान पुन्हा धावपट्टीवर उभं होतं. कोरं करकरीत.

"पुन्हा."

पुन्हा तेच. झुकलं, उलटी दांडी, जमीन... टिक.

"पुन्हा."

टिक.

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे टिक काय वाजतं?"

"हे होय? हे लाल बटण." दिगंबरने हँडलच्या पाठीमागे, तर्जनीखाली बसलेलं बटण दाखवलं. "दाबलं की विमान परत पहिल्या जागी. वेळ वाचतो."

"जमिनीला टेकलं होतं का आत्ता?"

"छे! टेकायच्या आधीच दाबतो मी."

"किती दिवस उडवतोयस यावर?"

"चार महिने झाले."

"किती विमानं पडली?"

"एकही नाही," दिगंबर म्हणाला. आवाजात अजून तो गर्व होता.

उस्तादांनी त्याच्या बोटाकडे बघितलं.

"त्या दिवशी माळावर," ते हळूच म्हणाले, "विमान चंद्राक्काच्या अंगावर चाललं होतं, तेव्हा तुझं हे बोट कुठं होतं?"

दिगंबरने हँडल टेबलावर ठेवलं.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, स्वतःलासुद्धा नीट नाही. दांडी उलटी ओढली, इतकंच तो सगळ्यांना सांगत आला होता. ते खरं होतं, पण त्याच्या पुढेही काही घडलं होतं. विमान खाली सुटलं तेव्हा त्याने दांडी सोडून दिली होती, आणि त्याचं बोट रिमोटच्या पाठीवर, जिथं काहीच नव्हतं तिथं, काहीतरी शोधत होतं.

"मी... मी दाबत होतो, उस्ताद."

"काय?"

"हे." त्याने हँडलवरच्या लाल बटणाकडे बोट दाखवलं.

"आणि चंद्राक्का?"

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं.

उस्तादांनी ड्रॉवरमधून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. हँडल उलटं केलं, चार स्क्रू सोडवले आणि आतून लाल बटण काढून टेबलावर ठेवलं. हँडल परत बंद केलं. बटणाच्या जागी आता नुसतं भोक होतं.

"उडव."

"अहो, पण मग पडलं तर?"

"पडू दे."

"खेळ बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करावा लागेल. लॅपटॉप जुना आहे, पाच-पाच मिनिटं जातील."

"मी चहा सांगतो."

विमान उडालं. वळलं. समोरून यायला लागलं... दिगंबरचं बोट भोकात गेलं आणि तिथंच अडकून राहिलं. पडद्यावर विमान आपटलं. पंख एकीकडे गेले, शेपूट एकीकडे. खरोखरचं काहीच मोडलं नव्हतं, तरी त्याने तोंड फिरवलं.

"बघ," उस्ताद म्हणाले.

त्याने बघितलं. पाच मिनिटं तुकडे तसेच पडून होते, कारण लॅपटॉप अडकून बसला होता. चहा आला.

दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदाही पडलं. दर वेळी दिगंबर तसाच दचकला, उलट जास्तच! चौथ्यांदा तर दिगंबर उठूनच उभा राहिला, म्हणाला जातो घरी. उस्तादांनी नुसतं स्टूल पायाने पुढे सरकवलं. तो बसला.

बाहेर ऊन कलायला लागलं तेव्हा सातवी खेप होती. विमान समोरून आलं, झुकलं. बोट भोकाशी गेलं... चाचपलं... आणि परत आलं. दोन्ही हात दांड्यांवर. विमान वेडंवाकडं झालं, एक पंख जमिनीला घासत गेला, चाक तुटलं, आणि ते मैदानाच्या मोकळ्या कडेला पोटावर बसलं. शेवटपर्यंत दांडी दिगंबरच्या हातात होती.

त्याने रोखलेला श्वास सोडला.

"बघा ना," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "अजून थरथरतोय हात."

"थरथरू दे. दांडीवर आहे ना?"

दिगंबरची नजर वहीतल्या तीन रकान्यांवर गेली. त्याचं त्यालाच हसू आलं, पण ते टिकलं नाही. रविवार तीन दिवसांवरच होता.

"चंद्राक्का असेल रविवारी माळावर?"

"असणारच. शेळ्यांना कुठं सुट्टी असते?"

दिगंबरची पाचावर धारण बसली. "उस्ताद... ते बटण तेवढं परत द्या. रविवारपर्यंतच. घरी सरावाला. पुन्हा नाही मागणार."

उस्तादांनी वहीतलं रकान्यांचं पान फाडलं. लाल बटण त्यात ठेवलं, पुडी बांधली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"रविवारी हे चंद्राक्काकडे देऊन ठेवतो," ते म्हणाले. "लागलं, की तिच्याकडून मागून घे."