दोन दारांचा राक्षस

एक होता राजा. आणि डोंगराच्या पलीकडे आणखी एक राजा होता, तिथंच सगळा घोळ झाला. अलीकडचं राज्य उंबरपूर, पलीकडचं जांभूळपूर. मधे डोंगर, आणि डोंगराच्या पोटात आरपार गुहा. गुहेचं एक तोंड उंबरपुरात, दुसरं जांभूळपुरात. त्या गुहेत राहायचा ढेरमल राक्षस.

हा ढेरमल वारा खाऊन फुगायचा, बरं का. एका तोंडातून वारा आत यायचा, दुसऱ्यातून बाहेर जायचा, आणि मधे हा ताडाएवढा. दोन्ही तोंडं एकाच वेळी बंद केली असती, तर त्याची हवाच गेली असती. तोंडाशी मोठाल्या शिळा होत्याच. नुसत्या ढकलायच्या. हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. शंभर वर्षं ठाऊक होतं. म्हातारे पारावर बसून एकमेकांना सांगायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन जेवायचे.

मग बंद का केली नाहीत? ऐका. ढेरमल उंबरपुरातून शेळी उचलायचा आणि पलीकडे पळायचा. उंबरपूरचे शिपाई हद्दीपाशी थांबायचे. "आता तो त्यांचा." दुसऱ्या दिवशी जांभूळपुरातून वासरू उचलायचा आणि अलीकडे यायचा. तिकडचे शिपाई थांबायचे. "आता तो त्यांचा." असा तो कुणाचाच नव्हता, आणि मजेत होता.

एकदा काय झालं, त्यानं शेळी सोडून पोर उचललं. उंबरपूरच्या धनगरवाड्यात धुरपी नावाची मुलगी होती. तिची पाच वर्षांची बहीण बायजी. आई नाही, बाप नाही, दोघीच एकमेकींना. धुरपी मेंढ्यांना पाणी पाजत होती. तेवढ्यात ढेरमलनं लांबलचक हात घातला आणि बायजीला काखोटीला मारलं. धुरपीनं काठी फेकून मारली. ती त्याच्या टाचेवर बसली. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ढेरमलची एक रीत होती. माणूस हाती लागलं की तीन दिवस दूधभात चारायचा, आणि चौथ्या दिवशी दुपारी खायचा. धुरपीनं डोळे पुसले. तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले, ती म्हणाली.

पहिल्या दिवशी ती उंबरपूरच्या प्रधानाकडे गेली. प्रधान पांढऱ्या मिशांचा, मोठा अनुभवी. अनुभव कसला, तर चाळीस वर्षं काही न करण्याचा.

"प्रधानजी, शिळा ढकला."

"एकट्यानं ढकलून काय होतंय? पलीकडचं दार त्यांचं आहे."

"मग त्यांना सांगा."

"आम्ही आधी बोललो तर आमचा मान जातो. तुला राज्यकारभार कळत नाही, पोरी."

"मला बहीण कळते," धुरपी म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती खिंड चढून जांभूळपूरच्या प्रधानाकडे गेली. हा गुलाबी पागोट्याचा. पण बोलणं तेच, जणू दोघांनी एकाच पंतोजीकडे पाठ केलेलं. मग धुरपीनं त्याच्या उंबऱ्यावरच बैठक मारली. प्रधानाला जेवायला घरात जाता येईना.

"ऊठ, पोरी."

"करार करा, मग उठते."

"बायकामाणसांनी असं दारात बसू नये."

"पुरुषमाणसांनी काम केलं असतं तर बसावं लागलं नसतं."

जेवण थंड झालं तेव्हा प्रधान वरमला. "बरं बाई, उद्या करतो करार. हल आता."

तिसऱ्या दिवशी खिंडीत तंबू लागले. दोन्ही राजे आले, दोन्ही प्रधान आले, वाजंत्री आली. सकाळ गेली कागदावर कुणाचं नाव आधी यावं यात. दुपार गेली पूर्वेकडे तोंड करून कुणी बसावं यात. दिवस कलताना एकदाचे शिक्के उठले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. संकटात एकमेकांना साथ द्यायची, असं ठरलं. पण कलम काय घातलं माहीत आहे? एकानं पाऊल उचलण्याआधी दुसऱ्याला लेखी कळवावं, आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलू नये.

मग चौथा दिवस उजाडला. एक सैन्य या तोंडाशी उभं, एक त्या तोंडाशी. या प्रधानानं पत्र लिहिलं, "ढकलू का?" त्या प्रधानानंही लिहिलं, "ढकलू का?" दोन्ही पत्रं पोचली. दोघांनी वाचली. पांढऱ्या मिशा म्हणाल्या, "आपल्या पत्राचं उत्तर आल्याशिवाय याचं उत्तर कसं द्यायचं?" पलीकडे गुलाबी पागोटंही तेच म्हणालं. सैन्य उभं. ऊन चढलं. आणि गुहेच्या तोंडातून धूर निघायला लागला. ढेरमलनं चूल पेटवली होती.

धुरपीनं धूर पाहिला. ती धावत खिंडीत चढली.

खिंडीत दोन चौक्या होत्या. उंबरपूरच्या चौकीत खंडू हवालदार आणि त्याचे सहा शिपाई. जांभूळपूरच्या चौकीत इस्माईल नाईक आणि त्याचे सहा. एकमेकांशी बोलायची सक्त मनाई. पण पाणी होतं अलीकडच्या विहिरीत, आणि लाकूडफाटा पलीकडच्या रानात. करणार काय? वीस वर्षं हद्दीवरच एक चूल होती. पाणी यांचं, लाकडं त्यांची, पिठलं एकच. पिठलं झालं की परातीवर तीन ठोके पडायचे, आणि दोन्हीकडून माणसं उतरायची.

"हवालदारकाका, नाईककाका, खाली या आणि शिळा ढकला," धुरपी धापा टाकत म्हणाली.

खंडू हवालदारानं मान हलवली. "हुकूम नाही गं. नोकरी जाईल."

"आणि हे एका चुलीवर शिजवायचा हुकूम कुणी दिला होता?"

इस्माईल नाईक फिस्सकन हसला. "खंडू, पोरीनं पकडलं तुला."

"मला एकट्याला? लाकडं कुणाची आहेत रे?"

"काका, माझी बहीण आत आहे," धुरपी म्हणाली. "ती पाच वर्षांची आहे."

मग कुणी हसलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पहारी उचलल्या. धुरपीनं परात घेतली आणि सांगितलं, पहिल्या ठोक्याला उतरायचं, दुसऱ्याला पहार लावायची, तिसऱ्याला ढकलायचं.

तिनं पहिला ठोका मारला. सात माणसं इकडून उतरली, सात तिकडून. दोन्ही सैन्यं बघत राहिली. त्यांना ढकलायचा हुकूम नव्हता, तसा अडवायचाही नव्हता! दुसरा ठोका पडला. पहारी लागल्या. मग धुरपीनं अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तिसरा ठोका मारला.

धाड! दोन्ही शिळा एकदमच बसल्या. वारा थांबला. आतून सूंऽऽऽ असा आवाज आला, लांबलचक, आणि हळूहळू बारीक होत गेला. मग अगदी गप्प.

इकडची एकच शिळा सरकवली तर अंधारातून बायजी बाहेर आली. तोंडाला भात, मूठ घट्ट मिटलेली.

"आक्का, हा चावतोय," ती म्हणाली.

मुठीत ढेरमल. लिंबाएवढा! धुरपीनं बहिणीला उचललं आणि एवढं घट्ट धरलं, की बायजी ओरडली, "अगं, हासुद्धा एवढं दाबत नव्हता!"

तेवढ्यात दोन्ही प्रधान धावत आले. पांढऱ्या मिशा म्हणाल्या, राक्षस आमचा. गुलाबी पागोटं म्हणालं, आमचा. शंभर वर्षं कुणालाच नको होता, आणि आता बघा! दोन्ही राजांना आपापल्या प्रधानाची लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली. त्यांनी जुना करार फाडला आणि धुरपीला विचारलं, "तू सांग काय लिहायचं."

धुरपीनं सांगितलं, "एकानं हाक मारली की दुसऱ्यानं यायचं. पत्र मागाहून. राक्षस लोहाराच्या भात्यात घालायचा, सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. आणि चौकीवर पाणी-लाकडं वाहायचं काम प्रधानांचं."

राजांनी शिक्के मारले. हवालदार आणि नाईक यांची नोकरी राहिली, वर एकेक शेला मिळाला. प्रधान अजून पाणी वाहतात, आणि आता बरंच लवकर येतात म्हणे. मेंढ्या दोन्ही बाजूंना चरतात, त्यांना कुणी हटकत नाही. धुरपी आणि बायजी पोटभर जेवतात आणि एका घोंगडीत झोपतात.

संपली गोष्ट. सरका भिंतीकडे, मिटा डोळे. कुशीला जागा द्या एकमेकांना, भांडू नका. झोपा.