रांजणपूरच्या शिक्क्यावरचा रेडा

रांजणपूर नगरपालिकेच्या शिक्क्यावर पाण्याची पखाल वाहणारा रेडा होता. गावाला आग लागली तेव्हा असल्याच रेड्यांनी नदीचं पाणी वाहून पेठ वाचवली होती. नवे नगराध्यक्ष रणधीरराव मात्र भर सभेत म्हणाले, "लोक हसतात आपल्याला! रेडा काढा, सिंह लावा."

नगरसेविका यमुनाबाई ढेकळे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या जिवावर गाव उभं राहिलं, त्याचीच लाज? त्या ताडकन उठल्या.

"लावा सिंह! पण आगीच्या स्मरणदिनी शिक्क्यावरच्या जनावराला नगराध्यक्षांनी स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवायची, ही आपली प्रथा. ती मोडणार नाही ना?"

"छे! प्रथा म्हणजे प्रथा," रणधीररावांनी छाती फुगवली.

"मग झालं तर. सांगलीला सर्कस उतरलीय, सिंह मी आणवते. पोळी तेवढी तुम्ही भरवा. रेडा बिचारा हात चाटून सोडायचा, सिंहाचं मला ठाऊक नाही."

सभागृहात हशा पिकला. रणधीररावांनी नकळत दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"राहू द्या रेडा," ते पुटपुटले.

यमुनाबाई हसल्या नाहीत. "राहीलच. आणि यंदा पोळी भरवण्याआधी त्याच्या पाया पडा."